जोडणी कोठे अडते? : धाराशिव जिल्ह्यातील केबल-इंटरनेटच्या तक्रारींचा आढावा

धाराशिव जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी, बँकेच्या शाखेत, आपले सरकार सेवा केंद्रात, महाविद्यालयाच्या कार्यालयात किंवा साध्या कुटुंबाच्या घरात इंटरनेट बंद पडले, म्हणजे तक्रार बहुधा एकाच वाक्यात नोंदविली जाते : ‘नेट चालत नाही’. हे वाक्य खरे असते. पण ते इतके सर्वसमावेशक असते की महामार्गाच्या कामात तुटलेली वाहिनी, पावसाचे पाणी शिरलेला जोड, विजेअभावी बंद पडलेला वाटेतला अ‍ॅम्प्लिफायर आणि कंपनीच्या दप्तरात चुकीचा लिहिला गेलेला मोडेमचा क्रमांक, या परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या कारणांना ते एकाच पंक्तीत बसविते. दुरुस्तीसाठी येणाऱ्या इसमाच्या हाती कारणाचा धागा नसल्यामुळे तो प्रथम मोडेम बंद करून पुन्हा चालू करतो, मग मोडेम बदलतो, मग तार बदलतो, आणि एवढे करूनही गुण न आल्यास ‘वरून प्रॉब्लेम आहे’ असे सांगून निघून जातो. या प्रश्नाचा आढावा घेताना माझे प्रतिपादन एकच आहे : जोडणी ही निश्चित पायऱ्यांनी सिद्ध होते, ती कोणत्या पायरीवर अडली हे यंत्र स्वतः सांगत असते, आणि ती पायरी तक्रारीत लिहिली गेली व दप्तरातील दोष तालुक्याच्या गावीच दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, तर आज आठवडा खाणाऱ्या पुष्कळशा तक्रारी एका दिवसात मिटतील.

बालाघाटच्या पठारावर पसरलेला, उत्तरेस कळंबजवळ मांजरेने, पश्चिमेस परंड्याकडे सीनेच्या खोऱ्याने आणि आग्नेयेस उमरग्यापुढे कर्नाटकाच्या हद्दीने वेढलेला हा जिल्हा विरळ वस्तीचा आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोली यांच्याबरोबर या जिल्ह्याचे नाव तीत आले. अशा प्रदेशात एका वाहिनीवर अवलंबून असणाऱ्या घरांची संख्या थोडी, वाहिनीची लांबी मात्र मोठी. त्यामुळे मुंबईत ज्या दोषाने एका इमारतीपुरती गैरसोय होते, त्याच दोषाने येथे चार वाड्यांचा व्यवहार थांबतो, आणि जाणकार माणूस सोलापुराहून अथवा लातुराहून यावयाचा असल्याने थांबलेला व्यवहार लवकर सुरूही होत नाही.

केबलचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आजच्या अनेक दोषांचे मूळ त्यात आहे. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रह-वाहिन्यांचे आकर्षण देशभर पसरले, आणि गावोगावच्या उद्योगी तरुणांनी गच्चीवर छत्री उभारून, विजेच्या खांबांवरून आणि लोकांच्या भिंतींवरून तार ओढून, कोणत्याही शासकीय साहाय्यावाचून घराघरांत दूरचित्रवाणी पोहोचविली. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायद्याने त्यांना मुख्य टपाल कार्यालयात नोंदणीची सक्ती केली. पुढे २०११ च्या दुरुस्तीने अंकीय प्रसारण सक्तीचे झाले, आणि मोठी शहरे आधी घेत, उरलेल्या नागरी भागासाठी ३१ डिसेंबर २०१५ आणि ग्रामीण भागासाठी अखेरीस ३१ मार्च २०१७ अशा मुदती ठरल्या. या सर्व काळात ती तार एकाच दिशेने, म्हणजे ऑपरेटरकडून घराकडे, चित्र वाहून नेण्यासाठी ओढलेली होती. घराकडून ऑपरेटरकडे काही परत जावे लागेल, अशी कल्पना तिच्या आखणीत नव्हती.

ही उलटी वाट निर्माण करण्याचे काम केबल मोडेमने केले. अमेरिकेतील केबललॅब्ज या संस्थेने मार्च १९९७ मध्ये डॉक्सिस नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्याची तिसरी मोठी आवृत्ती २००६ मध्ये आणि ३.१ ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. आपल्याकडे १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाल्यानंतर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत केबलच्या तारेवरून इंटरनेट सुरू झाले. एकाच तारेत खालच्या कंपनसंख्या, अमेरिकी पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ आणि युरोपीय पद्धतीत ५ ते ६५, घराकडून परत जाण्यासाठी राखून ठेवावयाच्या आणि वरच्या कंपनसंख्या घराकडे येण्यासाठी, अशी ही वाटणी आहे. कागदावर ती सरळ दिसते. प्रत्यक्षात सर्व उपद्रव त्या खालच्या पट्ट्यात एकवटतो. विजेच्या मोटारी, वेल्डिंगची यंत्रे, जनित्रे, सदोष ट्यूबलाइट यांचा विद्युत्-कोलाहल याच पट्ट्यात असतो, आणि ढिल्या जोडांतून तो तारेत शिरतो. शिवाय घराकडे जाणारा संकेत एका ठिकाणाहून अनेकांकडे फाकतो, परतीचा मात्र अनेकांकडून एका ठिकाणी गोळा होतो. त्यामुळे एका घरातील गंजलेल्या जोडातून शिरलेला कोलाहल त्या शाखेवरील सगळ्यांच्या परतीच्या वाटेवर पसरतो. ज्याचे इंटरनेट तुटते त्याच्या घरात दोष असेलच असे नाही, हे येथे लक्षात घ्यावे. अनेक वेळा शेजारी निर्दोष ठरतो आणि तिसऱ्याच गल्लीतील, इंटरनेट न घेतलेल्या, केवळ दूरचित्रवाणी पाहणाऱ्या घरातील उघडी तार दोषी निघते.

आता मोडेम चालू केल्यापासून तो कामास लागेपर्यंत काय घडते ते क्रमाने पाहू, कारण संपूर्ण निदान या क्रमावर उभे आहे. मोडेम प्रथम घराकडे येणाऱ्या वाहिन्यांत आपल्या उपयोगाची वाहिनी शोधतो व तिच्यावर स्थिर होतो. ती सापडली की ऑपरेटरच्या मुख्य यंत्राकडून, ज्याला या व्यवसायात सीएमटीएस म्हणतात, परतीच्या वाटेची माहिती तो वाचून घेतो. मग तो अगदी क्षीण शक्तीने हाक देतो, उत्तर न आल्यास शक्ती वाढवीत जातो, आणि उत्तर आले की मुख्य यंत्र त्याला शक्ती किती ठेवावी व कोणत्या क्षणी बोलावे हे ठरवून देते. यानंतर तो आपला पत्ता मागतो, वेळ विचारतो, आपल्यासाठी तयार केलेली संरूपण-फाइल उतरवून घेतो, त्या फाइलीच्या आधारे नोंदणी करतो, आणि संकेत गुप्त ठेवण्याच्या किल्ल्यांची देवाणघेवाण करून सेवेस सिद्ध होतो. पत्ता मागण्यापूर्वीच्या सर्व पायऱ्या तारेच्या आहेत आणि त्यानंतरच्या पायऱ्या मुख्यतः दप्तराच्या आहेत, एवढा भेद दुरुस्ती करणाऱ्याने मनाशी पक्का केला तरी निम्मे काम झाले. मोडेमच्या पुढच्या दिव्यांतही हा क्रम उतरलेला असतो : येणाऱ्या संकेताचा दिवा लुकलुकत राहिला तर वाहिनीच सापडलेली नाही, परतीचा दिवा लुकलुकत राहिला तर हाकेला उत्तर नाही, आणि हे दोन्ही स्थिर होऊन ‘ऑनलाइन’ दिवा तेवढा लुकलुकत असेल तर मोडेम दप्तराच्या दाराशी ताटकळत उभा आहे.

तारेच्या दोषांकडे आधी वळतो. बहुतेक केबल मोडेमांत १९२.१६८.१००.१ हा पत्ता ब्राउझरमध्ये टाइप केला असता एक निदान-पान उघडते, आणि इंटरनेट बंद असतानाही ते उघडते. त्या पानावरील तीन आकडे पाहावे. येणाऱ्या संकेताची पातळी मानकाप्रमाणे उणे १५ ते अधिक १५ डीबीएमव्ही यांच्या दरम्यान चालते, पण अनुभवी तंत्रज्ञ ती शून्याच्या आसपास राखतात. संकेत आणि कोलाहल यांचे गुणोत्तर २५६-क्वाम या संकेतरचनेच्या पद्धतीसाठी किमान ३० ते ३३ डेसिबल असावे लागते. तिसरा आकडा मोडेम ज्या शक्तीने परत बोलतो त्याचा, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. जुन्या मोडेमांची कमाल मर्यादा ५८ डीबीएमव्ही इतकी होती. हा आकडा ५० च्या पुढे सरकत असेल तर मोडेम ओरडून बोलतो आहे, म्हणजेच वाटेत कोठेतरी त्याचा आवाज गिळला जातो आहे, असे समजावे. तो गिळणारा बहुधा घरातच असतो. दोन वाटांचा साधा स्प्लिटर सुमारे साडेतीन डेसिबल आणि चार वाटांचा सुमारे सात डेसिबल खातो. एका घरात दूरचित्रवाणी संच वाढत गेले, प्रत्येक वेळी एक स्प्लिटर चढत गेला, आणि मोडेम सर्वांच्या शेवटी जोडला गेला, की तो आज ना उद्या तुटणारच. यावर उपाय म्हणून पुष्कळ ठिकाणी चित्र सुधारण्यासाठी विकला जाणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर बसविला जातो आणि रोग बळावतो. कारण तो यंत्रभाग घराकडे येणारा संकेत वाढवितो, परतीचा मात्र अडवितो. चित्र उत्तम आणि मोडेम बंद, असे लक्षण दिसले की प्रथम या अ‍ॅम्प्लिफायरचा शोध घ्यावा. मोडेमची तार घराच्या पहिल्या स्प्लिटरवरून सरळ आणावी व त्या वाटेत दुसरे काही बसवू नये, हा नियम इतका लाभदायक आहे की तो प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी सक्तीचा करावा, असे माझे मत आहे.

निदान-पानावर घटनांची नोंदही असते आणि तीत टी-३ व टी-४ अशी अक्षरे वारंवार आढळतात. हाक दिल्यानंतर २०० मिलिसेकंदांत उत्तर आले नाही तर टी-३ नोंदविला जातो. नियमित विचारपूस सुमारे ३० सेकंद झालीच नाही तर टी-४. अधूनमधून दिसणाऱ्या एखाद्या टी-३ ने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दुपारी उन्हाच्या वेळीच, किंवा पाऊस पडून गेल्यावरच, किंवा शेजारची गिरणी चालू असतानाच त्यांची रांग लागत असेल, तर ती वेळ लिहून ठेवणे हा अमूल्य पुरावा आहे. उन्हाने तार प्रसरण पावून सैल जोड उघडतो, पावसाचे पाणी जोडातून तारेच्या वेष्टनात उतरते व दिवसचे दिवस तेथे राहते, आणि गिरणीची मोटार कोलाहल सोडते. तिन्ही दोष तंत्रज्ञ येतो त्या सकाळच्या प्रसन्न वेळी अदृश्य असतात, म्हणून ‘सगळे व्यवस्थित आहे’ असा शेरा मारून तक्रार बंद केली जाते. मराठवाड्यात वळवाच्या पावसाबरोबर येणाऱ्या विजांचाही येथे विचार करावयास हवा. तारेचे बाह्य वेष्टन घरात शिरण्याच्या जागी जमिनीशी जोडलेले नसेल, तर आकाशातील वीज दूर पडली तरी मोडेमचे नाजूक अवयव दुखावतात, आणि मग तो मोडेम पूर्ण मरतही नाही व नीट जगतही नाही.

दप्तराचे दोष याहून वेगळे व अधिक मनस्ताप देणारे आहेत. ज्याने शेतजमीन रीतसर खरेदी केली, ताबा घेतला, नांगरटही केली, पण फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर ज्याचे नाव चढले नाही, त्या शेतकऱ्याची जी अवस्था, तीच नोंद न झालेल्या मोडेमची : सर्व काही हाती असूनही हक्क सिद्ध होत नाही. प्रत्येक मोडेमला कारखान्यातून बारा अंकाक्षरांचा एक कायम क्रमांक मिळतो, ज्याला मॅक पत्ता म्हणतात. कंपनीच्या नोंदवहीत हा क्रमांक, ग्राहकाचे खाते आणि त्याने घेतलेली योजना या तिन्हींची सांगड घातलेली असावी लागते. क्रमांक लिहिताना इंग्रजी आठाच्या जागी बी पडला, जुना मोडेम बदलून नवा बसविला पण नोंद जुन्याचीच राहिली, दुसऱ्या गावी वापरलेला मोडेम आधीच्या खात्यातून मुक्त केला गेला नाही, पैसे भरूनही खाते ‘स्थगित’ अवस्थेतून बाहेर आले नाही, किंवा योजनेची फाइलच त्या जातीच्या मोडेमला न समजणारी निघाली, तर तार सोन्याची घातली तरी इंटरनेट मिळणार नाही.

या दोषांची लक्षणेही ठराविक आहेत. मुख्य यंत्राच्या पडद्यावर मोडेम पत्ता मागण्याच्या पायरीवर थांबलेला दिसला, तर पत्ते वाटणारा सर्व्हर त्याला ओळखत नाही, किंवा पत्त्यांचा साठा संपला आहे, किंवा मोडेमचा आवाजच तिथवर पोहोचत नाही. फाइल उतरविण्याच्या पायरीवर थांबला तर फाइलीचे नाव चुकले आहे अथवा ती जागेवर नाही. फाइल उतरली पण नोंदणी नाकारली गेली तर फाइलीवरील गुप्त मुद्रा मुख्य यंत्राशी जुळत नाही, किंवा मागितलेला सेवावर्ग तेथे अस्तित्वात नाही. आणि सर्वांत फसवी अवस्था म्हणजे मोडेम नोंदला गेला, दिवे सगळे स्थिर झाले, पण फाइलीतच ‘प्रवेश बंद’ असा हुकूम लिहिलेला आहे. अशा वेळी ग्राहकाला दिवे दाखवून ‘मोडेम चालू आहे, तुमच्या संगणकात दोष आहे’ असे सांगितले जाते, आणि तो बिचारा संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानी जातो. येथे एक साधी कसोटी उपयोगी पडते. संगणकाला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता कोणीच दिलेला नाही. पत्ता मिळाला आहे पण कोणतेही पान उघडताच कंपनीचे पैसे भरण्याचे अथवा नोंदणीचे पान समोर येत असेल, तर दोष खात्याच्या नोंदीत आहे आणि तारेला हात लावण्याची आवश्यकता नाही.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा यांसारख्या गावांत आता नव्या जोडण्या बहुतांशी प्रकाशतंतूच्या, लोकांच्या भाषेत फायबरच्या, होत आहेत, आणि त्या अनेक ठिकाणी त्याच जुन्या केबलवाल्यांच्या हातून होत आहेत. मोडेमची जागा ओएनटी या डबीने घेतली; पण अडचणींची विभागणी आश्चर्यकारकरीत्या तीच राहिली. एलओएसचा, म्हणजे संकेत हरवल्याचा, दिवा लाल झाला तर प्रकाशच येत नाही, म्हणजे तंतू तुटला, अतिशय वाकला किंवा पॅच कॉर्ड निसटली. पॉनचा, म्हणजे प्रकाशतंतूच्या जाळ्याशी जोडणीचा, दिवा लुकलुकत राहिला तर प्रकाश येतो पण डबीची नोंदणी पूर्ण होत नाही. पॉन स्थिर असून इंटरनेट नसेल तर बहुधा डबीचा अनुक्रमांक, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द, किंवा बंद पडलेले खाते यांकडे पाहावे. जीपॉन पद्धतीत घरी पोहोचणारा प्रकाश साधारणतः उणे ८ ते उणे २७ डीबीएम यांच्या दरम्यान असावा लागतो. एकामागे एक आठ-आठ वाटांचे दोन स्प्लिटर म्हणजे सुमारे २१ डेसिबलचा ऱ्हास. त्यात प्रत्येक किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल आणि प्रत्येक जोडाचे व कनेक्टरचे नुकसान मिळविले, की लांबच्या वस्तीवरील घर मर्यादेच्या काठावर येऊन बसते. अशा घरात डबी महिनाभर नीट चालते आणि एखादा कनेक्टर धुळीने माखताच तुटू लागते. पॉवर मीटर लावून मिळालेला आकडा जोडणीच्या दिवशीच ग्राहकाच्या पावतीवर लिहिण्याची प्रथा पडावी, म्हणजे पुढे बिघाड झाल्यास तुलना करावयास आधार राहील.

तंतू तुटण्याचे प्रमुख निमित्त येथे रस्त्यांचे काम हे आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–येडशी आणि पुढे बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२, तसेच नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादेस जाणारा महामार्ग ६५, यांच्या चौपदरीकरणाने जिल्ह्याचे दळणवळण सुधारले यात शंका नाही. पण रस्त्याच्या कडेला पुरलेल्या वाहिन्यांचा नकाशा खोदणाऱ्याच्या हाती असणे, ही त्या सुधारणेची अट असावयास हवी. पर्यायी मार्ग नसलेली एकेरी वाहिनी तुटली तर सगळा तालुका अंधारात जातो, आणि मग प्रत्येक घरातून स्वतंत्र तक्रार जाते, प्रत्येक घरातला मोडेम बंद-चालू केला जातो, आणि खरा दोष रस्त्याच्या खड्ड्यात तसाच पडून राहतो. आपल्या शेजाऱ्याचे चालू आहे काय, ही चौकशी म्हणूनच पहिली असली पाहिजे. सर्वांचे बंद असेल तर घरातील कशालाही हात लावू नये. केवळ संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत मंद चालत असेल आणि पहाटे वेगाने, तर तो बिघाड नव्हे, सामायिक क्षमता अपुरी पडल्याचे लक्षण आहे, आणि त्यासाठी मोडेम बदलणे व्यर्थ होय.

कायद्याची बाजू ग्राहकाला पुरेशी अनुकूल आहे, पण तिचा उपयोग केला जात नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनी ब्रॉडबँडचे किमान ९० टक्के बिघाड दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत आणि ९९ टक्के तीन कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त होण्याचा दंडक घातला होता. २०२४ मध्ये नवे नियम होऊन ते १ ऑक्टोबरपासून अंमलात आले. ब्रॉडबँडची व्याख्याही २००४ च्या २५६ किलोबिटवरून २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट अशी उंचावत गेली. २०१२ च्या तक्रार-निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, ज्याने ३९ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात असा निर्वाळा दिला, त्यामुळे जिल्हा आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. मात्र ज्याने केबलवाल्याला केवळ फोनवर ‘नेट गेले’ असे सांगितले आणि क्रमांक घेतला नाही, त्याच्याजवळ या दोन्ही ठिकाणी दाखविण्यासारखे काहीच नसते.

तेव्हा वाचकांना माझी विनंती अशी आहे, की तक्रार करताना बिघाडाची वेळ, कोणता दिवा कोणत्या स्थितीत होता, शेजाऱ्याचे चालू होते की नाही, निदान-पानावरील तीन आकडे किंवा ओएनटीच्या प्रकाशाचा आकडा, आणि मोडेमच्या तळाशी छापलेला मॅक पत्ता वा अनुक्रमांक, हे तपशील लिहून द्यावेत व तक्रार-क्रमांक अवश्य घ्यावा. कंपन्यांकडे मागणी याहून मोठी आहे. आज तालुक्याच्या ऑपरेटरला तार जोडण्याचा अधिकार आहे, पण आपल्या ग्राहकाचा मोडेम दप्तरात कोणत्या अवस्थेत आहे हे पाहण्याची सोय अनेकदा त्याच्याजवळ नसते. एक अक्षर दुरुस्त करण्यासाठी त्याला दूरच्या शहरातील कारकुनाची मनधरणी करावी लागते, आणि तोवर भूम-वाशीचा ग्राहक बंद डबीसमोर बसून राहतो. मोडेमची थांबलेली पायरी पाहण्याची, मॅक पत्ता दुरुस्त करण्याची आणि पैसे भरलेले खाते तत्काळ चालू करण्याची मुभा, प्रत्येक फेरबदलाची नोंद राहील अशा व्यवस्थेत, तालुक्याच्या ऑपरेटरला मिळाली पाहिजे, आणि ती देण्यात तांत्रिक अडचण कोणतीही नाही.